पुठ्ठ्याची पेटी

आमच्या शाळेत पेटी एकच आहे. परिपाठाला गुरुजी ती वाजवतात आणि शनिवारी आम्हांला शिकवतात. पण आम्ही चौथीची मुले अकरा. एकेकाच्या वाट्याला पाचच मिनिटे येतात. घरी पोचेपर्यंत बोटे सगळे विसरतात.

म्हणून गुरुजींनी आमच्याकडून पुठ्ठ्याच्या पेट्या करून घेतल्या. एका सप्तकात १२ पट्ट्या असतात, ७ पांढऱ्या नि ५ काळ्या. आम्ही पुठ्ठ्यावर त्यांची सारखी घरे एका ओळीत आखली. दोन सप्तके म्हणजे २४ घरे. काळ्या घरांवर काळा कागद भाताच्या शितांनी चिकटवला. मग कागदाची एक लांब फीत कापली आणि तिच्यावर आईच्या टिकल्या लावल्या. सा ची टिकली मोठी. मग एक घर सोडून रे, एक सोडून ग. म मात्र ग ला अगदी चिकटून. पुढे प, ध, नी एकेक घर सोडून, आणि वरचा सा नी ला चिकटून.

गंमत तर पुढेच आहे. फीत घरांखाली ठेवून सरकवायची. सा पांढरी एकखाली ठेवला की सगळ्या टिकल्या पांढऱ्या घरांखाली येतात. काळी एकखाली सरकवला की फक्त ग आणि नी पांढऱ्याखाली राहतात, बाकी सगळे काळ्यात! ते बघून आम्ही ओरडलोच.

गुरुजींनी युकुलेलेचा तक्तापण दाखवला. ते हवाई बेटांवरचे चार तारांचे छोटे वाद्य आहे. तक्त्यात चार उभ्या रेघा म्हणजे तारा. जिथे ठिपका तिथे बोट ठेवायचे. सी नावाच्या कॉर्डला एकच ठिपका असतो, उजवीकडच्या तारेवर तिसऱ्या घरात. कॉर्ड म्हणजे काही सूर एकदम वाजवणे. पेटीवर सा, ग, प एकदम दाबले तरी कॉर्ड होते. मला ते आवडले.

माझे आजोबा आमच्या वाडीच्या भजनात पेटी वाजवतात. आता त्यांची बोटे आखडतात. बाबा आणि काका मुंबईला असतात, ते चतुर्थीलाच येतात. त्यांना टाळ येतो, पेटी येत नाही. यंदा पेटीवर कोण बसणार, म्हणून आई सारखी विचारते.

माझा पुठ्ठा बघून आजोबा हसले. म्हणाले, "गो, पुठ्ठ्याची पेटी वाजता काय?" मी म्हटले, "ती वाजत नाही, म्हणून मीच गाते." मी बोट ठेवते आणि तो सूर तोंडाने म्हणते. डाव्या हाताने वहीची उघडझाप करते, तो माझा भाता. सूर चुकला की आजोबा खाटेवरून नुसते "हूं" करतात. मग मी पुन्हा म्हणते. काल त्यांनी आपली पेटी माझ्यापुढे सरकवली आणि माझी फीत पट्ट्यांवर धरून बघितली. तिथे ती जुळेना, कारण खऱ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या नसतात. मग त्यांनी टिकल्या एकेक काढून पट्ट्यांवरच लावल्या.

चतुर्थीला अजून बावीस दिवस आहेत. अभंग मला वाजवता येतो. गजर जलद झाला की बोटे मागे राहतात.

— इयत्ता चौथी