पिठ्याच्या पोटातले बिऱ्हाड

जालन्याचे नाव काढले की मुंबईच्या माणसाला मोसंबी आठवते. द्राक्षे म्हणजे नाशिक, असा आपला ठाम समज! पण जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाची कामे करून, शेततळी खणून जे द्राक्षमळे उभे केले आहेत, ते नाशिककरांनीही पाहून यावेत.

गेल्या माघात तिथे गेलो, तेव्हा आमच्या साडूंचा चेहरा उतरलेला होता. खोडाची सुटी साल सोलून त्यांनी दाखवली. आत कापसासारखे पांढरे पुंजके! हा पिठ्या ढेकूण. तो वेलीचा रस शोषतो, गोड चिकटा सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि घड बाजारातून उठतो. त्या चिकट्याच्या लोभाने मुंग्या त्याची राखण करतात, ती वेगळीच! फवारावे, तर काढणी तीन आठवड्यांवर आलेली. औषधाचा अंश राहिला की माल परत. मुलीच्या कॉलेजची फी त्याच घडांवर लोंबत होती.

साडूंनी माझ्या हाती भिंग दिले. काही पिठ्ये तपकिरी, कडक झालेले; पाठीला बारीक गोल भोक.

"ह्यांचे बिऱ्हाड सोडून गेले," साडू म्हणाले.

बिऱ्हाड म्हणजे अ‍ॅनागायरस नावाची, तिळाहून लहान गांधीलमाशी. मादी जिवंत पिठ्यात अंडे घालते. अळी घरमालकालाच आतून खाते आणि दोन-तीन आठवड्यांत माशी होऊन उडून जाते. आमच्या गिरगावातल्या मालकाने असा भाडेकरू एकदा पाहावाच!

हाच पिठ्या १९९४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर आढळला. तिथे त्याला आवरणारे कोणी नव्हते. जास्वंदीपासून कोकोपर्यंत झाडांनी माना टाकल्या. अखेर आशियातल्या अशाच माश्या नेऊन सोडाव्या लागल्या. आपल्याकडे ही फौज बिनपगारी हजर असते. पण फवारणीत पिठ्याला त्याचे मेण वाचवते. माशीला कवच कुठले?

साडूंनी पंपाला हात लावला नाही. खोडांना चिकटपट्ट्या बांधून मुंग्यांची वाट अडवली, बरबटलेले घड काढले, तपकिरी पुंजक्यांची साल मात्र राहू दिली. शिवाय क्रिप्टोलीमस भुंगेरे आणून सोडले. ही जात १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आली.

मेहुणीला हे पटले नव्हते. "भिंगाने फी भरता येते का हो, भाऊजी?"

महिन्याने तिचा फोन आला. चौथाई माल गेला, उरलेला व्यापाऱ्याने उचलला, फी भरली. भिंगाविषयी तिने अवाक्षर काढले नाही.