जांभळीचा मध

अण्णांची मधाची बाटली कधीच स्वयंपाकघरात नसायची. ती त्यांच्या कपाटात, पंचांगाच्या शेजारी. सकाळी ओसरीवर बसून कोमट पाण्यात चमचाभर मध ढवळायचा, पाणी प्यायचं आणि चमच्याला राहिलेला मध बोटाने निपटून चाटायचा, हा त्यांचा नेम. माझा मामा मेटगुताडला मधपेट्या ठेवायचा, सातेरी माश्यांच्या. दर मे महिन्यात तो एसटीने महाबळेश्वरहून वाईला उतरायचा, तेव्हा त्याच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या असायच्या. कधी हिरड्याचा मध, कधी गेळ्याचा, कारवी फुलली त्या साली कारवीचा. अण्णांना मात्र जांभळाचाच हवा असायचा. रंगाने गडद, आणि गिळून झाल्यावर जिभेवर किंचित कडवट राहणारा.

२००६च्या जुलैत ढोल्या गणपतीच्या घाटावर कृष्णेला पाणी चढलं होतं. अण्णा छत्री मिटून, पिशवीत काहीतरी घेऊन घरी आले. पिशवीत महिनाभराचं पिल्लू. कुत्री आम्ही ठेवणार नाही, असं आईने त्याला अंग पुसायला पंचा देता देताच सांगितलं. पिल्लाने जांभई दिली तेव्हा जिभेवर मोठा जांभळा डाग दिसला, जांभळं खाऊन आल्यासारखा. नाव तिथेच पडलं. जांभळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांच्या पायाशी बसून चमच्याकडे बघत होती. अण्णांनी बोट पुढे केलं, आणि योगायोगाने त्या वेळी घरी असलेल्या मामाने त्यांचा हात धरला. "दाजी, वरसाच्या आतल्या लेकराला मध देत न्हाईत. हे बी लेकरूच हाय." अण्णांना ते पटलं नाही. कुत्र्याला काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. पण लस टोचायला गेलो तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कच्च्या मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात इतर जिवाणूंची वस्ती झालेली असते, तिथे त्यांना रुजायला जागा मिळत नाही. लहान बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि त्यांचं विष अंग लुळं पाडतं. पिल्लाच्या बाबतीतही ती जोखीम कशाला घ्या, असं डॉक्टर म्हणाले. आजारपणाने अशक्त झालेल्या कुत्र्यालाही देऊ नका.

वर्षभर जांभळी चमच्याकडे नुसती बघत राहिली. पुढच्या जुलैत अण्णांनी भाकरीच्या तुकड्याला अर्धा चमचा मध लावून तिला दिला. तिने तुकडा बाजूला ढकलला, आधी मध चाटला आणि मग भाकरी खाल्ली. तो क्रम तिने पुढे कधी बदलला नाही. शेजारच्या मांजरीने एकदा तो तुकडा हुंगला आणि निघून गेली. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, कुत्र्याला कळतं, हे मी नंतर वाचलं.

अर्धा चमचा हे माप अण्णांनी काटेकोर पाळलं. ते शाळामास्तर, हिशेब करून बसले. बारा किलोची कुत्री. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच. लहान चमचाभर मध म्हणजे वीसेक कॅलरी. डॉक्टरांचा नियम असा की दिवसाच्या खाण्यातला दहावा हिस्सा, त्याहून जास्त वरखाऊ जाता कामा नये. त्यात बिस्किटाचा तुकडा, शेंगदाणे, आईने चोरून दिलेली पोळी, सगळं आलं. म्हणून अर्धा चमचा, आणि तोही रोज नाही. जंताच्या गोळीच्या दिवशी मात्र नक्की, कारण मधात घोळलेली गोळी ती विचार न करता गिळायची. एका थंडीत तिला ठसका लागला. मध दिल्यावर घशाला बरं वाटत असावं, पण तीन दिवसांनी अण्णांनी तिला दवाखान्यात नेलंच. मधाने ठसका दबतो, ठसक्याचं कारण तसंच राहतं, असं ते म्हणायचे. शाळेतल्या मुलांच्या आयांनाही ते हेच सांगत आले होते.

आठ वर्षं अशीच गेली. या सगळ्या काळात आम्ही एक चूक केली, ती इथे सांगायलाच हवी. आम्ही तिची नसबंदी केली नाही. डॉक्टरांनी दोनतीनदा सुचवलं होतं. अण्णांना तिच्या पोटावर सुरी चालवायची कल्पना सोसवत नव्हती.

२०१४च्या दिवाळीनंतर ती पाणी पिऊ लागली. भांडं भरावं आणि मागे वळून बघावं तो रिकामं. खाणं दुप्पट, तरी बरगड्या दिसायला लागल्या. जन्मात कधी ओसरीवर न मुतणारी कुत्री रात्री तिथेच ओलं करून खाली मान घालून बसायची. एका सकाळी आई झाडू घेऊन गेली आणि तिथेच थांबली. वाळलेल्या डागाला मुंग्या लागल्या होत्या, तुळशीवृंदावनापासून सरळ रांग. आई म्हणाली, "अहो, हिला साखर झाली."

मधुमेह हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्यातला मधु मला त्या मुंग्यांनी दाखवला. रक्तातली साखर साधारण दोनशेच्या पुढे गेली की कुत्र्याचं मूत्रपिंड ती अडवू शकत नाही, लघवीतून सोडून देतं. जांभळीची तपासली तेव्हा चारशे वीस होती. अण्णांनी दवाखान्यात विचारलेला पहिला प्रश्न मला आठवतो. "डॉक्टर, मी मध घातला म्हणून झालं का हे?"

नाही, डॉक्टर म्हणाले. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा स्वादुपिंड इन्सुलिन तयार करणंच थांबवतं. अर्ध्या चमच्याने ते होत नाही. कुत्रं फार लठ्ठ असतं तर गोष्ट वेगळी. नसबंदी न झालेल्या मादीत आणखी एक कारण असतं. माज ओसरल्यावर दोन महिने जे संप्रेरक वाढलेलं राहतं, ते इन्सुलिनला काम करू देत नाही. म्हणजे सुरीच्या भीतीने आम्ही जे टाळलं, ते आता आजारी शरीरावर करावं लागलं. अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी ते दवाखान्याच्या पायरीवर चार तास बसून होते.

मग दिवसातून दोनदा सुई. चाळीस युनिटची, लाल टोपणाची सिरिंज. आधी पोटभर खाणं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून टोचणं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात. अण्णा त्यासाठी लग्नांनाही जायचे थांबले. मध अर्थातच बंद. चमच्याचा आवाज आला की ती येऊन बसायची, म्हणून त्यांनी आधी ओसरी सोडून आत जाऊन प्यायला सुरुवात केली. ती आतही यायची. महिन्याभरात त्यांनी स्वतःचाच मध सोडला. कोणी विचारलं तर पित्त वाढतं म्हणायचे.

भाचा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने बिनसाखरेचं पीनट बटर आणलं होतं. अण्णांना आनंद झाला, हिला आता निदान हे देता येईल. चमचा बुडवलाही होता. मी डबा हातात घेऊन लेबल वाचलं आणि डॉक्टरांना फोन लावला. झायलिटॉल. माणसाला गोड लागणारं आणि निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या स्वादुपिंडातून ते भसकन इन्सुलिन सोडवतं. तासाभरात साखर कोसळते, आणि जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. जांभळीचं स्वादुपिंड थकलेलं असलं तरी यकृत होतंच. डबा कचऱ्यात गेला. बिनसाखरेचं म्हणून कुत्र्याला काही देणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते, आणि पुन्हा पुन्हा सांगत राहणार आहे. त्यापेक्षा साधा मध परवडला.

त्याच फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "घरात मध आहे ना? इन्सुलिनच्या पेटीशेजारी ठेवा." अण्णांना कळेना. मग त्यांनी समजावलं. सुई दिली आणि खाणं पोटात राहिलं नाही, तर साखर फार खाली जाईल. पाय लटपटतील, अंग थरथरेल, झटकाही येईल. तेव्हा बोटभर मध हिरड्यांना चोळायचा. शुद्ध नसेल तर तोंडात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जातो. दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही, झटक्यात जबडा मिटतो. ओठ उचलून बाहेरच्या बाजूने चोळायचा, आणि लगेच आमच्याकडे यायचं. अण्णांनी कपाटातली बाटली काढली, चिठ्ठी लिहून तिला चिकटवली आणि फ्रिजवर ठेवली.

ती वेळ २०१६च्या जुलैत आली. तोवर तिचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. मधुमेही कुत्र्यांचं बहुतेकदा होतं तसं, आणि फार लवकर. सकाळी ती नेहमीसारखी जेवली, सुई झाली. नंतर वृंदावनामागे जाऊन तिने सगळं ओकलं. पावसाने ते धुऊन नेलं आणि कुणालाच कळलं नाही. अकराच्या सुमाराला अण्णांनी हाक मारली. ती उठली, भिंतीला धडकली, पुन्हा उठली, आणि मागचे पाय फाकून खाली बसली ती थरथरायलाच लागली.

अण्णांचे हात कापत नव्हते. त्यांनी तिचा ओठ उचलला आणि बोटाने मध लावला. वर, खाली, पुन्हा वर. मी रिक्षा आणायला धावले. परत आले तेव्हा पाचसात मिनिटं झाली असतील. थरथर कमी झाली होती. जांभळीची जीभ बाहेर आली, तो जांभळा डाग दिसला, आणि तिने हळूहळू अण्णांचं बोट चाटायला सुरुवात केली. दीड वर्षाहून अधिक काळ त्या चवीला पारखी झालेली कुत्री. डोळ्यांना काही दिसत नव्हतं तरी तिने मान वळवली, बाटली होती त्याच दिशेला. अण्णांचा चेहरा तेव्हा मी पाहिला आणि रिक्षावाल्याला थांबायला सांगायच्या निमित्ताने बाहेर गेले.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, दोन दिवसांनी डोस कमी केला. त्यानंतर जेवण झालं की अण्णा अर्धा तास तिच्याजवळ बसायचे, अन्न पोटात राहतंय याची खात्री करायचे, आणि मगच सुई. साडेसहाचं जेवण, सातची सुई. सतरा महिने.

२०१७च्या डिसेंबरात ती गेली. साखरेने नाही, मूत्रपिंडांनी. झोपेत गेली, अण्णांच्या खाटेखाली. तिची सिरिंजची पेटी आईने दवाखान्यात दुसऱ्या कुणासाठी देऊन टाकली.

मे महिन्यात मामा आला. पिशवीतून नव्या बाटल्या काढून फ्रिजवर ठेवायला गेला आणि जुनी बाटली त्याच्या हाती लागली. अण्णांच्या मास्तरी अक्षरातली चिठ्ठी तशीच होती, पाण्याने कडेला फुगलेली: 'मध. हिरड्यांना.' मामाने झाकण उघडून वास घेतला.

"दाजी, चिठ्ठी चुकली जणू. ह्यो हिरड्याचा न्हवं. वासच सांगतोय की, जांभळीचा हाय."

अण्णा ओसरीवरून उठले नाहीत. "हो," ते म्हणाले, "जांभळीचाच आहे. असू दे तिथे."