सही

डब्लिनमध्ये मी ज्यांच्या घरी राहत होते, त्या बाई नाताळच्या आदल्या दिवशी आयरिश क्रीम घरीच करीत. क्रीम, कन्डेन्स्ड मिल्क, कोको, चमचाभर कॉफी आणि शेवटी बारीक धारेने व्हिस्की. थोडे गरम कॉफीत जाई, उरलेले चॉकलेट मूसमध्ये. त्या आटीव गोड वासाने मला बासुंदी आठवे.

त्या वर्षी मी हौसेने ते लिंबाच्या पुडिंगवर ओतले आणि ते तत्काळ नासले. आंबटाने दूध फाटते, हे घरी पनीर करणाऱ्या मला कळू नये!

त्या खजीलपणातूनच असेल, मी पुस्तकी ज्ञान पाजळले. हे पेय काही पुरातन नव्हे. १९७३ साली लंडनच्या सोहो भागात डेव्हिड ग्लकमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने जेमसन व्हिस्कीत क्रीम, साखर आणि चॉकलेटची पूड मिसळून पाहिली. १९७४ मध्ये ते 'बेलीज' या नावाने बाजारात आले. बाटलीवर ज्याची सही असे, तो आर. ए. बेली तर कधी जन्मलाच नव्हता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक जुनी वही माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या दिवंगत आईच्या अक्षरातली कृती. व्हिस्कीचे माप दोनदा खोडून सुधारलेले.

"हे अक्षर मात्र खरे आहे," त्या म्हणाल्या.

परंपरेचे वय मोजण्याची आम्हा साहित्याच्या अभ्यासकांना सवय. ती कोणाच्या अक्षरात उतरली, हे मी विचारलेच नव्हते.

मूसमध्ये आयरिश क्रीम मी घातले, ते त्या तिसऱ्या मापाचे.