सोलापुरातील पाव टनी ट्रक

केवळ सोलापूर पाहावे म्हणून सोलापुरास जाणारा मनुष्य विरळा. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर या क्षेत्रांकडे निघालेली मंडळी येथे आगगाडीतून उतरतात, पुढची एस्. टी. धरतात आणि फार तर परतीच्या वाटेवर दोन चादरी व शेंगांची चटणी घेऊन घर गाठतात. आमचाही आजवरचा परिपाठ हाच. गेल्या वर्षी मात्र श्रावणापासून पौषापर्यंत तीन वेळा आमचे सोलापुरास जाणे झाले, आणि तिन्ही वेळा निमित्त एकाच वस्तूचे होते. ती वस्तू म्हणजे आमच्या एका स्नेह्यांच्या घरामागे पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली जुनी जीपगाडी.

जीपला ट्रक म्हणावे काय, असे कोणी विचारील. अमेरिकन लष्कराच्या दप्तरी तिचे नाव ‘पाव टनी ट्रक’ असेच आहे. चारही चाकांना यंत्राची ओढ मिळत असल्यामुळे चिखल, वाळू, नांगरट, ओढ्याचे पात्र, काहीही तिला वर्ज्य नाही. तिच्या जन्माची कथा मोठी मौजेची आहे. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकन लष्कराने तेथील मोटार कारखानदारांकडे अशा हलक्या गाडीची मागणी केली, आणि नमुन्याची पहिली गाडी एकोणपन्नास दिवसांत हजर करावी अशी अट घातली. बहुतेकांनी कानांवर हात ठेवले. बँटम नावाच्या, दिवाळे निघण्याच्या बेतास आलेल्या एका लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यास गाठले. रात्रंदिवस खपून गाडी उभी केली. आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपण्यास अवघा अर्धा तास उरला असता, मेरिलँडमधील लष्करी तळावर ती नेऊन पोहोचविली. पुढे काय झाले? मोठ्या मागण्या गेल्या विलीज आणि फोर्ड या बड्या कंपन्यांकडे. त्या दोघांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बँटमच्या वाट्यास जेमतेम अडीच-पावणेतीन हजार आल्या. मुदत पाळणाऱ्याच्या पदरात काय पडते याचा हा मासला आम्ही आमच्या स्नेह्यांना मुद्दाम ऐकविला. त्यांना तो मुळीच रुचला नाही.

आमचे स्नेही सरकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सारी हयात अमुक काम अमुक तारखेस पुरे, या हिशेबात गेली. त्यांच्या वडिलांनी ही जीप युद्धानंतरच्या काळात लष्करी मालाच्या लिलावात घेतली होती, आणि बार्शीकडील शेतीवर तिने पुष्कळ वर्षे बियाणे, खते व पाहुणे वाहिले. घरात अशी समजूत की १९४८ साली ही गाडी सैन्याबरोबर नळदुर्गावर गेली होती. या समजुतीस कागदोपत्री आधार काडीचाही नाही. परंतु ती सोलापुरात उत्पन्न व्हावी यात आश्चर्य वाटण्यासारखेही काही नाही. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या आधिपत्याखालील मुख्य फौज १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे सोलापुराकडूनच हैदराबाद संस्थानात शिरली. पहिली चकमक नळदुर्गास झाली. बोरी नदीवरील मोक्याचा पूल निजामाच्या सैन्याने उडवून देण्यापूर्वीच आपल्या सैनिकांनी तो धड हस्तगत केला, आणि पाचव्या दिवशी, म्हणजे १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. तेव्हा याच दिवशी, वडिलांची जीप आपल्या हातांनी चालवीत नळदुर्गास न्यावयाची, असा आमच्या स्नेह्यांचा संकल्प होता. संकल्प शिमग्यात सोडलेला. नातलगांस पत्रेही गेलेली.

श्रावणात आम्ही गेलो तेव्हा गाडी म्हणजे गाडीचे सुटे भाग होते. सांगाडा विटांच्या चार ठोकळ्यांवर, कमानपाटे भिंतीशी, आणि पत्र्याची टपकी काया अंगणात पालथी. चाकांच्या पुढल्या बाजूस सांगाड्याला जोडणारी जी आडवी नळी असते ती या गाडीस गोल होती, त्यावरून सांगाडा विलीजचा हे निश्चित. परंतु काही बोल्टांच्या माथ्यावर फोर्डचा ‘एफ’ ठसलेला. लष्करात हाताला येईल तो भाग जोडण्याची रीत होती, त्यामुळे अशी सरमिसळ बहुतेक जुन्या जीपांत सापडते. बोल्ट, वायसर, खिट्ट्या सारे शेंगाचटणीच्या रिकाम्या बरण्यांत भरून ठेवलेले, आणि प्रत्येक बरणीवर वहिनींच्या सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी: ‘पुढचा डावा पाटा’, ‘गिअरपेटीचे झाकण’. छपराखाली भिंतीवर एक भला मोठा तक्ता होता. त्यावर तारखा होत्या, आणि निम्म्याहून अधिक तारखांखाली तांबडी रेघ.

काम करणारे मिस्त्री पासष्टीच्या घरातले. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत त्यांचे पूर्वी लेथचे दुकान होते, ते आता मुलगा पाहतो. वडील जुन्या गिरणीत कामगार. ही जुनी गिरणी म्हणजे १८७७ साली निघालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. १९४९ च्या ऑगस्टात ती बंद पडली, १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि तो तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आपल्या राज्यघटनेच्या इतिहासात नमूद झाला. पुढे विष्णू व लक्ष्मी या गिरण्याही बंद झाल्या. एके काळी हे शहर भोंग्यावर उठे, भोंग्यावर जेवी आणि भोंग्यावर निजे. मिस्त्री म्हणाले, “वडील सांगायचे, भोंगा झाला की हातातला धागा तुटलेला असो का जुळलेला, उठायचं. राहिलेलं काम दुसऱ्या पाळीचा माणूस बघतो. साहेबांचं तसं नाही. साहेबांना दुसरी पाळीच नाही.”

आणि ते खरेच होते. आमचे स्नेही पहाटे पाचास छपराखाली जात ते रात्री अकरापर्यंत. दुपारचे जेवण उभ्याउभ्या. झोप चार तास. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही याचे भान नाही. नातू सुटीत आला होता, त्याच्याशी दोन शब्द धड बोलणे झाले नाही. वहिनी आम्हांस म्हणाल्या, “नोकरीत असताना बदल्या झाल्या, अवर्षणं झाली, तेव्हासुद्धा यांना असं पाहिलं नव्हतं. वडिलांची आठवण म्हणून गाडी करायला घेतली, आणि आता गाडीचं नाव काढलं की घरात सगळे गप्प.” छंद मनुष्यास विसाव्याकरिता असतो अशी आपली समजूत, पण ज्याला आयुष्यभर तारखेचा चाबूक लागलेला आहे तो मनुष्य विसाव्यातही आपला आपणच चाबूक वळून घेतो, असे आम्हांस तेथे दिसले.

यंत्राची गोष्ट अशी होती. जीपचे यंत्र चार नळकांड्यांचे, सुमारे सव्वादोन लिटरांचे, साठ अश्वशक्तीचे. रचना साधी, परंतु वीस वर्षे निपचित पडल्याने आतले दट्टे नळकांड्यांना गंजाने चिकटलेले. अशा यंत्रास जोर लावून फिरविणे म्हणजे रिंगा मोडणे व नळकांड्यांवर ओरखडे ओढणे. मिस्त्रींनी प्लगांच्या भोकांतून डिझेल व तेल यांचे मिश्रण ओतले, आणि रोज सकाळी हँडलला हाताने हलकेच एक हिसका, इकडे आणि तिकडे, इतकेच. बाकी दिवसभर त्या यंत्राकडे पाहावयाचेही नाही. दहा दिवस काही घडले नाही. अकराव्या दिवशी हँडल बोटभर सरकले.

यानंतर हेड उतरविण्याची वेळ आली. ते ब्लॉकवर जे स्टड धरून ठेवतात ते ऐंशी वर्षांचे. मिस्त्रींचे म्हणणे, रोज थोडे तेल, थोडी आच, आणि निघतील तेवढेच काढावे. आमच्या स्नेह्यांनी तक्त्याकडे पाहिले. मिस्त्री घरी गेल्यावर रात्री साडेदहास त्यांनी लांब नळी चढवून पाना ओढला, आणि मागच्या कोपऱ्यातला स्टड ब्लॉकच्या पातळीशी तुटला. तुटलेला तुकडा बाहेर काढावयाचा म्हणजे बरोबर मध्यावर बारीक भोक पाडून, ते हळूहळू वाढवीत, ब्लॉकचे आटे शाबूत राखून पोखरावयाचा. लेथवाल्या मुलाचे त्या एका तुकड्यापायी नऊ दिवस गेले. त्याच रात्री आमच्या स्नेह्यांना घेरी आली व ते ओसरीवर बसले ते उठेनात. डॉक्टरांनी पंधरा दिवस छपराखाली जाण्यास मनाई केली.

मनाईच्या त्या पंधरवड्यात वहिनी आणि मिस्त्री यांनी मिळून काही ठरविले. तक्ता भिंतीवरून निघाला. वहिनींनी त्याची पाठची कोरी बाजू वाणसामानाच्या यादीस लावली. दिवेलागणीस जे काम तसेच सोडून देता येणार नाही ते दुपारी तीननंतर हाती घ्यावयाचे नाही. एका वेळी गाडीचा एकच भाग खोलावयाचा; तो बसल्यावाचून दुसरी बरणी उघडावयाची नाही. रविवारी छपरास कुलूप, आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. आमचे स्नेही प्रथम फार चिडले. मग मिस्त्रींनी विचारले, “साहेब, गाडी कशाला हवीय? सतरा तारखेला, का वडिलांसाठी?” यावर ते काही बोलले नाहीत, पण किल्ली मागणेही त्यांनी सोडून दिले.

वाचकांपैकी कोणास असा छंद जडल्यास एक गोष्ट सांगून ठेवतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, खाजगी वापराच्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांकरिता स्वतंत्र नियम केले आहेत. त्याखाली नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात आणि पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. परंतु ती गाडी प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन, दुरुस्ती अशा कारणांखेरीज एरवी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या स्नेह्यांनी वडिलांच्या नावची साधी नोंदणीच वेळोवेळी नूतन करून चालू ठेवली होती.

सतरा सप्टेंबरला आम्ही पुन्हा सोलापुरात होतो. जीपला त्या दिवशी चाकेही नव्हती. आम्ही सारे, नातवासुद्धा, सकाळच्या एस्. टी.ने नळदुर्गास गेलो. अंतर पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर. दोहों बाजूंस ओल्या काळ्या जमिनी, कारण सोलापूरच्या बाजूस खरा पाऊस भाद्रपदातच लागतो. आमचे स्नेही खिडकीस डोके टेकून झोपी गेले ते नळदुर्गासच जागे झाले. इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत किल्ल्यात बोरी नदीला भरभक्कम दगडी बांध घातला, आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. नदी भरली म्हणजे बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि आत महालाच्या गवाक्षात बसून पाण्याचा पडदा आतून पाहता येतो. त्या दिवशी दोन्ही धबधबे वाहत होते. नातवाने आजोबांस विचारले, पूल उडविणार होते तो कोठे. तेव्हा आजोबांनी त्याला बोरीचे पात्र दाखवीत सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली. जेवणास वहिनींनी कडक भाकरी, चटणी व दही आणले होते.

तिसऱ्या खेपेस आम्ही गेलो ते पौषात, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेस. सात उंच नंदीध्वज तोलत भक्तांची मिरवणूक चालली होती. आणि पूर्व भागातील एक निवृत्त विणकर, जे मिस्त्रींचे जुने शेजारी, मिरवणूक पाहून सरळ आमच्या स्नेह्यांच्या छपराखाली आले. मूळच्या गाडीतील विजेच्या तारांवर सुताची वीण असे. तशी वीण आपण घालून देतो, असे त्यांनी आपण होऊन सांगितले होते. आत नवी तार, वर सूत, आणि त्यावर वार्निश. दिवसाकाठी चार हात तार होई. चार हातांनंतर डोळे दुखतात म्हणून ते उठून जात, आणि कोणी त्यांना आणखी बसा असे म्हणत नसे.

त्या दिवशी सायंकाळी यंत्रास पेट्रोल दाखविले. पहिल्या दोन खेपांस नुसता धूर झाला. तिसऱ्यांदा हँडल मारताच यंत्र खोकले, थरथरले आणि चालू झाले. नातू ओरडत अंगणात पळाला. आमचे स्नेही वाफेच्या नळीकडे पाहत उभे होते, आणि त्यांचा हात मिस्त्रींच्या खांद्यावर होता. पाच-सहा मिनिटे गेली असतील. वहिनी चहा घेऊन आल्या, तशी मिस्त्रींनी चावी फिरवून यंत्र बंद केले आणि म्हणाले, “ब्रेक उद्या.”

नळदुर्गास कधी जाणार, असे आम्ही विचारले. “पाऊस झाला म्हणजे,” आमचे स्नेही बशीत चहा ओतीत म्हणाले, “धबधबे वाहू लागले की.”