चार हजारांतलं एक

वंध्यत्व केंद्रात समुपदेशन करताना एक गोष्ट मी जोडप्यांना सांगत नसे, आणि तेही ठरवून. आयव्हीएफमधून झालेल्या मुलांत बेकविथ-वीडेमान सिंड्रोमसारखे काही दुर्मीळ आजार जास्त आढळतात, ही ती गोष्ट. नातेवाइकांचे टोमणे, कर्जाचे हप्ते, इंजेक्शनांनी काळंनिळं पडलेलं पोट, एवढं सोसून समोर बसलेल्या बाईला आणखी एक धास्ती कशाला?

आकडेही माझ्या बाजूने बोलायचे. २००३मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समधून हा संबंध दाखवणारे अभ्यास आले. २००४च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात प्रमाण निघालं चार हजार आयव्हीएफ बाळांत एक, म्हणजे एरवीच्या सुमारे नऊ पट. नऊ पट ऐकून छातीत धस्स होतं. चार हजारांत एक म्हटलं की तेवढं होत नाही. मी दोन्ही सांगत नसे. शिवाय दोष उपचारांचाच, हेही सिद्ध नव्हतं. अशाच दुसऱ्या एका आजारावरच्या, अँजलमन सिंड्रोमवरच्या, २००५च्या जर्मन अभ्यासात, दिवस राहायला दोन वर्षांहून जास्त लागलेल्या पण उपचार न घेतलेल्या जोडप्यांतही धोका वाढलेला दिसला. म्हणजे मूळ दुखणं वंध्यत्वातच असू शकतं.

तरी उपचारांवर संशय यायला कारण होतं. काही जनुकांच्या दोन प्रतींपैकी एकच चालू असते, आईकडची किंवा वडिलांकडची. दुसरीवर रासायनिक खूण बसलेली असते, कुलूप घातल्यासारखी. या खुणा स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना बसतात आणि गर्भाच्या पहिल्या दिवसांत त्या टिकाव्या लागतात. नेमके तेच दिवस आयव्हीएफचा गर्भ प्रयोगशाळेतल्या बशीत काढतो. बेकविथ-वीडेमानमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या खुणा बिघडतात आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भांतून अवाढव्य कोकरं-वासरं जन्मतात, हे पशुवैद्यांना या अभ्यासांच्या आधीच ठाऊक होतं.

आमच्याकडे उपचार घेतलेली एक शिक्षिका मुलाला घेऊन भेटायला आली, तेव्हा मी पुरती हलले. जन्मतः सव्वाचार किलो. घरात कौतुक, ‘काय बाळसं धरलंय!’ जीभ सतत ओठांबाहेर. सासूबाई म्हणायच्या, वेडावतोय बघ. दुसऱ्या दिवशी बाळाला झटका आला, तेव्हा कळलं की रक्तातली साखर पार उतरली होती. आजाराचं नाव पुढे बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. ती रागावली नव्हती. म्हणाली, “मॅडम, आधी कळलं असतं तरी उपचार मी सोडले नसते. जीभ तेवढी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवली असती.”

कारण सिद्ध होईपर्यंत गप्प बसायचं, या माझ्या हिशेबात हे बसतच नव्हतं. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायला कारण सिद्ध व्हावं लागत नाही. आजाराच्या काही प्रकारांत मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ होऊ शकते. अशा मुलांची ठरावीक अंतराने सोनोग्राफी केली तर ती वेळेत सापडते. हे सगळं ज्याला माहीत त्याच्यासाठी. आणि मी ते आई-बापांपासून दूर ठेवत होते, त्यांच्याच भल्यासाठी म्हणे.

आता सांगते. चार हजारांत एक सांगते, नऊ पटही सांगते, कारण ठाऊक नाही हेही सांगते, आणि बाळ झाल्यावर आयव्हीएफचं असल्याचं बालरोगतज्ज्ञांपासून लपवू नका म्हणते. आपल्याकडे ते सर्रास लपवतात. आमच्या एका डॉक्टरांना हे पटत नाही, पेशंट बिथरतील म्हणतात. माझ्यासमोरून अजून तरी कुणी उठून गेलेलं नाही. तासाची भेट दीड तासावर जाते, एवढं खरं.