लंडनचा निर्णय, एडिंबराचा हिशेब

राज्याच्या सभागृहात केंद्राच्या आर्थिक धोरणावर वाद पेटला की एक आक्षेप हमखास येतो: हा विषय आपल्या अखत्यारीतला नाही, सभागृहाचा वेळ का घालवता? मी राज्यांच्या वित्तव्यवहाराची अभ्यासक आहे आणि विधिमंडळांची इतिवृत्तं वाचणं हे माझं रोजचं काम आहे. मुंबई-नागपूरच्या कामकाजात हा आक्षेप मला भेटतो, तसाच तो एडिंबराच्या स्कॉटिश संसदेतही भेटतो. मला तो मुळातच मान्य नाही. वरच्या सरकारचा निर्णय खालच्या तिजोरीत कोणत्या वाटेने शिरतो आणि तिथे काय उलथापालथ करतो, हे जाहीरपणे विचारायला खालच्या सभागृहाइतकी योग्य जागा नाही. मात्र त्या वादाचा शेवट कुठे व्हावा, याबद्दल माझा आग्रह आहे, आणि तो आग्रह मी स्कॉटलंडकडून शिकले.

1997 च्या सार्वमतानंतर 1998 मध्ये स्कॉटलंडचा कायदा झाला आणि 1999 पासून 129 सदस्यांची स्कॉटिश संसद काम करू लागली. शिक्षण, आरोग्य, पोलीस तिच्याकडे आले. कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात राखीव विषय आहेत. आर्थिक, वित्तीय आणि चलनविषयक धोरण त्यात स्पष्ट शब्दांत लंडनकडे ठेवलं आहे. पैसा मात्र बराचसा लंडनहूनच येतो, तोही बार्नेट सूत्राने. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला जोएल बार्नेट ट्रेझरीत मंत्री असताना हे सूत्र आलं. इंग्लंडमधल्या आरोग्यखर्चात शंभर पौंडांची वाढ झाली, तर लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडला साडेनऊ-दहा पौंड जास्त मिळतात. इंग्लंडने कात्री लावली की स्कॉटलंडलाही त्याच मापाने कात्री लागते. स्कॉटिश रुग्णालयात त्या दिवशी गर्दी किती आहे, याची या सूत्रात कुठे नोंदच नाही.

एप्रिल 2017 पासून या व्यवस्थेत आणखी एक गाठ पडली. पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचा अधिकार एडिंबराला मिळाला. व्याज आणि लाभांशावरचा कर लंडनकडेच राहिला. पगारावरचा कर स्कॉटलंडच्या तिजोरीत जातो, म्हणून लंडनच्या अनुदानातून त्याबदल्यात एक रक्कम वजा होते. ब्रिटनच्या उरलेल्या भागात प्राप्तिकराचं उत्पन्न ज्या गतीने वाढतं किंवा घटतं, त्या गतीने ही वजावटही वाढते-घटते. सगळी मेख या वजावटीत आहे. सभागृहातली भाषणं ऐकताना ती लक्षात ठेवली नाही, तर अर्धा वाद कानावरून जातो.

2022 चा शरद ऋतू आठवा. 23 सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी लंडनमध्ये ‘मिनी बजेट’ मांडलं. प्राप्तिकराचा मूळ दर 20 टक्क्यांवरून 19 वर येणार होता आणि 45 टक्क्यांचा सर्वांत वरचा दर रद्द होणार होता. स्कॉटलंडच्या पगारदारांना हे दोन्ही दर लागू नव्हते, कारण तिथे 2018 पासून स्वतःचे पाच टप्पे होते. स्कॉटिश कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते डग्लस रॉस यांनी मागणी केली की एडिंबरानेही अशीच करकपात करावी, नाहीतर सीमेपलीकडच्या माणसापेक्षा इथला माणूस जास्त कर भरेल. सरकार चालवणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीने याला विरोध केला. वरवर पाहता हा नेहमीचा उजवा-डावा वाद होता. पण वजावटीचं गणित मांडून बघा. इंग्लंडमध्ये कर घटला की तिथलं उत्पन्न घटतं, म्हणून स्कॉटलंडची वजावट आकसते, म्हणून एडिंबराच्या हाती कर न वाढवताही जास्त पैसा उरतो. करकपातीत लंडनची नक्कल केली तर तो पैसा करदात्याच्या खिशात जाणार, नाही केली तर रुग्णालयांना आणि शिक्षकांच्या पगाराला. लंडनच्या धोरणावरची चर्चा अशी एका झटक्यात स्कॉटलंडच्या स्वतःच्या निवडीची चर्चा झाली. आता म्हणा, हा विषय अखत्यारीतला नव्हता!

पुढे घडलं ते सर्वांना माहीत आहे. पौंड कोसळला, बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोख्यांच्या बाजारात उतरावं लागलं, 3 ऑक्टोबरला 45 टक्क्यांचा निर्णय मागे घेतला गेला आणि 17 ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी बाकीचं बहुतेक सगळं गुंडाळलं. एडिंबराच्या कागदावर दिसू लागलेला पैसाही त्याबरोबर नाहीसा झाला. महागाई मात्र राहिली. ऑक्टोबरमध्ये ती 11.1 टक्के होती. सफाई कामगारांपासून परिचारिकांपर्यंत सगळेच पगारवाढ मागत होते. रोजच्या खर्चासाठी मनाला येईल तसं कर्ज काढण्याची मुभा स्कॉटिश सरकारला नाही. तेव्हा अर्थखातं सांभाळणारे जॉन स्विनी यांनी 2 नोव्हेंबरला आपत्कालीन आढावा मांडला. सप्टेंबरमधली कपात धरून सुमारे 1.2 अब्ज पौंडांचा खर्च दोन टप्प्यांत इकडून तिकडे फिरवावा किंवा छाटावा लागला.

होलीरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, सभागृहात संध्याकाळी पाचच्या सुमारास ‘डिसिजन टाइम’ असतो. दिवसभरातले ठराव आणि दुरुस्त्या पीठासीन अधिकारी एकामागून एक वाचतात आणि सदस्य आपापलं मत देतात. लंडनच्या धोरणाचा निषेध करणारा ठराव मंजूर होतो आणि लंडनवर त्याचं कसलंही बंधन नसतं. अशा ठरावांवरची भाषणं मी खूप वाचली आहेत. सत्ताधारी प्रत्येक अडचणीचं खापर लंडनच्या वेस्टमिन्स्टरवर फोडतात, विरोधक प्रत्येक अडचणीचं खापर सत्ताधाऱ्यांवर फोडतात, आणि त्या फेकाफेकीत रकमेचा उल्लेखही होत नाही. अशा दिवशी मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच सभागृहाने याहून कितीतरी चांगलं काम करून दाखवलं आहे.

उदाहरण घ्यायचं तर मुलांसाठीच्या मदतीचं. एप्रिल 2017 पासून लंडनने गरीब कुटुंबांना मुलांसाठी मिळणारी मदत दोन मुलांपुरती मर्यादित केली. होलीरूडमध्ये त्यावर पुन्हा पुन्हा वाद झाले, निषेध झाले. पण 2016 च्या कायद्याने सामाजिक सुरक्षेचे काही अधिकार एडिंबराकडे आले होते, आणि ते वापरून फेब्रुवारी 2021 मध्ये ‘स्कॉटिश चाइल्ड पेमेंट’ सुरू झालं: पात्र कुटुंबातल्या प्रत्येक लहान मुलामागे आठवड्याला 10 पौंड, मग ते तिसरं असो की चौथं. एप्रिल 2022 मध्ये त्याचे 20 झाले. 14 नोव्हेंबर 2022 रोजी, म्हणजे स्विनींच्या कपातीनंतर दोन आठवड्यांच्या आत, 25 झाले आणि योजना सोळा वर्षांखालच्या मुलांपर्यंत गेली. डिसेंबरच्या अर्थसंकल्पात वरच्या दोन टप्प्यांचा प्राप्तिकर एकेका टक्क्याने वाढवून 42 आणि 47 केला. तो कर योग्य की अयोग्य यावर भांडण होऊ शकतं, आणि तिथे ते जोरात झालंही. पण तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या मतदारांकडून पैसे मागितले. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

आता आपल्याकडे. 7 डिसेंबर 2023 रोजी नागपूरचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवसापासून केंद्राची कांदा निर्यातबंदी लागू झाली. परदेशी व्यापार संघसूचीत, शेती आणि बाजार राज्यसूचीत. नाशिकच्या शेतकऱ्याचा कांदा मात्र दोन्ही सूच्यांच्या मधोमध उभा. विरोधकांनी आवाज उठवला तो योग्यच होता. त्याच वर्षी मार्चमध्ये भाव पडले होते, तेव्हा राज्य सरकारने स्वतःच्या तिजोरीतून क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं होतं, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत. म्हणजे बाजार बिघडला की राज्याने झळ सोसायची, ही रीत आपल्याकडेही आहे. राज्याला शेतीबाहेरच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लावता येत नाही, वस्तू व सेवा कराचा दर एकट्याने ठरवता येत नाही, केंद्राच्या उपकर-अधिभारात वाटा मागता येत नाही. त्यामुळे स्कॉटलंडपेक्षा आपले हात काही बाबतींत जास्तच बांधलेले आहेत.

म्हणूनच माझी मागणी साधी आणि ठोस आहे. केंद्राच्या निर्णयामुळे राज्याला त्या वर्षी किती भार सोसावा लागला आणि किती फायदा झाला, याचा स्वतंत्र तक्ता दर मार्चमध्ये अर्थसंकल्पासोबत सभागृहाच्या पटलावर यावा. त्यातले आकडे स्वतंत्र संस्थेने तपासलेले असावेत. स्कॉटलंडमध्ये कर आणि सामाजिक सुरक्षेच्या खर्चाचे अंदाज सरकारपासून अलग असलेलं स्कॉटिश फिस्कल कमिशन बांधतं, तसे. निर्यातबंदी, करवाटप, केंद्रीय योजनांमधला राज्याचा वाटा, सगळं त्यात यावं. तो तक्ता हाती असलेल्या आमदाराला ‘विषय अखत्यारीतला नाही’ असं म्हणून कोणी खाली बसवू शकणार नाही, आणि त्यालाही नुसती घोषणा देऊन खाली बसता येणार नाही.