दोन विटा

दसऱ्याच्या रात्री बाबांच्या टॅक्सी-स्टँडवरची मंडळी आमच्या शिवडीच्या खोलीत जेवायला येतात. मी शाळेत होते तेव्हापासून हे चालत आलंय. सकाळी स्टँडवर गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून, चाकाखाली लिंबं ठेवून पूजा होते आणि संध्याकाळचा धंदा अर्ध्यावर सोडून सहा-सात जण आपट्याची पानं घेऊन वर येतात. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. आणि मग किस्से. घरात दिवसाला वीस शब्द बोलणारा माझा बाप त्या रात्री नकला करतो, याचा मला लहानपणी रागच यायचा. आमच्या वाटणीचं बोलणं हा माणूस बाहेर खर्च करून येतो, असं वाटायचं.

2023चा दसरा 24 ऑक्टोबरला आला. प्रीमियर पद्मिनीचा तो शेवटचा आठवडा. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली गेली होती, टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे 30 तारखेपासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी एकही नाही. बाबांची गाडी तिच्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. ती ऑगस्टमध्येच भंगारात गेली होती. पूजेला गाडी नाही म्हणून बाबांनी माळ्यावरून जुना झेंड्याचा मीटर काढला, रॉकेलने पुसला आणि हळद-कुंकू लावून पाटावर ठेवला.

त्या मीटरला बघून मुरुडच्या मामूंना त्यांचा बोकड आठवला. तो त्यांना दरवर्षीच आठवतो, पण या वेळी निमित्त खरं होतं. ज्यांनी ते मीटर पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते : मीटरवर जुन्या दराचे आकडे पडायचे आणि खरं भाडं ड्रायव्हरकडच्या छापील कार्डात बघावं लागायचं. मीटरवर सात रुपये, तर कार्डात नव्वद-शंभर. नव्या माणसाला ही सरळ लूट वाटायची. 'हे मेनूकार्ड कुणाला दाखवतो रे?' हे वाक्य स्टँडवरच्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे.

तर बकरी ईदच्या आधी मामूंना देवनारहून भाडं मिळालं, एक माणूस आणि एक बोकड. मालक पुढे, बोकड मागच्या सीटवर एकटा. 'शेठसारखा बसलेला, काचेतून बाहेर बघत.' सायनला ट्रॅफिक लागलं. बोकडाने मान पुढे काढली आणि मामूंच्या खांद्यावरून वाकून काचेजवळ खोचलेलं कार्ड ओढलं. मामू ओरडेपर्यंत निम्मं पोटात. भायखळ्याला उतरताना मालक म्हणाला, आता मीटरवर दिसतात तेवढेच घ्या, कार्ड कुठाय? मामू म्हणाले, कार्ड तुमच्या बोकडात आहे, कापाल तेव्हा बघा आणि बाकीचे आणून द्या. 'आणि दिले?' असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच असतं. 'वाटा पाठवला, पैसे नाही.'

जौनपूरच्या चाचांचा किस्सा मला जास्त आवडतो. चौपाटीवर नवरा-बायको भांडत उतरले, बाई एकटीच परत चाचांच्या गाडीत बसली, 'माहीम चलो.' नवऱ्याने मागची टॅक्सी पकडली आणि सिनेमातल्यासारखं 'उस गाडी के पीछे लो' म्हणाला. मागची टॅक्सी बाबांची. पेडर रोडच्या सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी. बाई काच वर करून बसलेली. मग निरोप चाचा आणि बाबांमधून जायला लागले. 'भाऊ, बोल रही हैं, आईला फोन का केला ते आधी सांगा.' हाजी अलीला उत्तर. वरळीला प्रत्युत्तर, त्यात बाबांनी पदरचा एक 'सॉरी' घातला. प्रभादेवीला बाई हसली, उतरली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली. म्हणजे चाचांचं भाडं वाऱ्यावर. दोघांचं तोंडभरून बोलणं चाललेलं, चाचा पैशासाठी खिडकीशी उभे आणि नवरा बाबांना म्हणतो, 'ह्यांना सांगा ना, जरा प्रायव्हसी द्या.'

इतक्या दसऱ्यांनंतर माझ्या एक लक्षात आलंय. या किश्शांत शेवटी येडा बनतो तो ड्रायव्हरच. कुणी कानफटात मारली, कुणी जातीवरून, मुलखावरून बोललं, ते तिथे कधी निघत नाही. माहीत सगळ्यांना असतं.

बाबांचा किस्सा शेवटी. सुटाबुटातला माणूस, व्हीटी स्टेशन. 'दोन मिनिटांत आलो, बॅग राहू दे गाडीत, म्हणजे तुला भरवसा.' बाबा तीन तास थांबतात. दर अर्ध्या तासाला मनातल्या मनात वेटिंगचा हिशेब वाढवतात, त्यात घरी पंखा घेतात, मला सायकल घेतात. शेवटी बॅग उघडतात, तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा. 'आणि विटा तरी नव्या असाव्यात!' इथे सगळे हसून हसून मागे रेलतात. 25 ऑगस्ट 2003ला झवेरी बाजार आणि गेट वेला स्फोट झाले, बॉम्ब टॅक्सीतच ठेवलेले होते. त्यानंतर दोन दसरे बाबांनी ही गोष्ट सांगितली नाही. टॅक्सीत राहिलेली बॅग ही हसण्याची वस्तू राहिली नव्हती. तिसऱ्या वर्षी चाचांनीच 'ईंटवाला सुनाओ' म्हटलं.

बॅग उघडली तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवर शिफ्टने जायचे. सूट नव्हता आणि व्हीटीही नव्हतं. दादरहून एक म्हातारे गृहस्थ परळच्या एका हॉस्पिटलला आले होते. 'पेशंटला घेऊन येतो, थांबा' म्हणाले आणि परत आलेच नाहीत. बॅगेत धुतलेलं लुगडं होतं, एक्स-रेचं पाकीट होतं आणि स्टीलचा डबा, त्यात रव्याचे लाडू. घरी न्यायच्या बाईसाठी आणलेले. बाबा पुढचे तीन दिवस शिफ्टच्या आधी त्या गेटवर जाऊन उभे राहिले. मग बॅग चौकीत दिली. हवालदाराने लुगडं, पाकीट लिहून घेतलं आणि म्हणाला, खाण्याचं मी काय करू, घेऊन जा. डब्याच्या झाकणावर एका बाईचं नाव कोरलेलं होतं आणि खाली गाव. बाबांनी त्या पत्त्यावर कार्ड टाकलं. उत्तर आलं नाही. मी एक लाडू मागितला तर मिळाला नाही. चौथ्या दिवशी आईने ते खाडीत सोडले. पुढच्या दसऱ्याला बाबांनी विटांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. मी आईकडे पाहिलं, तिने माझ्या पानात पुरी वाढली.

या वर्षी चाचा कायमचे गावी निघाले होते. हात धुताना त्यांनी बाबांना हळूच विचारलं, 'भाऊ, सच में ईंट थी?' बाबा म्हणाले, 'दोन.'

आईने त्यांच्यासाठी गाडीत खायला पुऱ्या बांधायला घेतल्या. डबे सगळे भरलेले, म्हणून मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा स्टीलचा डबा काढला. झाकणाला हात लावला तेवढ्यात आई म्हणाली, 'तो नको.'

चाचा दारातच उभे होते. 'क्यों भाभी, यही चलेगा.'

आईने डबा माझ्या हातून घेऊन परत फळीवर ठेवला.

'त्यात विटा आहेत,' ती म्हणाली आणि पुऱ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरायला लागली.